जुन्या ट्रॅक्टरचा गिअर पडत नसेल तर बिघाड कसा शोधावा

‘गिअर पडत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या ट्रॅक्टरमध्ये नेमके काय बिघडले आहे, हे त्या तीन शब्दांवरून कळत नाही. एखाद्याच्या ट्रॅक्टरचा गिअर टाकताना करकर आवाज येतो, एखाद्याचा लिव्हर जागचा हलतच नाही, एखाद्याचा गिअर पडतो पण ओढीवर आला की निसटून न्यूट्रलमध्ये येतो, आणि एखाद्याचा ट्रॅक्टर एकाच वेळी दोन गिअरमध्ये अडकून खांबासारखा उभा राहतो. या चारही बिघाडांची कारणे वेगळी आणि जागाही वेगळ्या असतात. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी तक्रार नेमक्या शब्दांत मांडावी: सगळे गिअर अडतात की एखादाच, इंजिन गरम झाल्यावर अडतात की थंड असताना, उभ्या ट्रॅक्टरमध्ये अडतात की चालत्या, आणि हे एकाएकी झाले की हळूहळू वाढत गेले.

सगळेच गिअर करकरत असतील, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचमध्ये किंवा क्लचच्या रॉडमध्ये असतो. एकच गिअर त्रास देत असेल, तर तो त्या गिअरच्या फोर्कमध्ये (गिअर सरकवणाऱ्या काट्यात), सिलेक्टर रॉडमध्ये (फोर्क ज्यावर बसतो त्या दांड्यात) किंवा दातांमध्ये असतो. ही ढोबळ विभागणी मनात ठेवली तरी पुष्कळ निरर्थक उघडझाप वाचते.

पहिली परीक्षा: इंजिन बंद ठेवून

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा, अवजार जमिनीवर टेकवावे, चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि इंजिन बंद करावे. मग क्लच पूर्ण दाबून एकेक गिअर टाकून पाहावा. एखादा गिअर अर्ध्यावर अडला तर लगेच दोष मानू नये. जुन्या गिअरबॉक्समध्ये दातासमोर दात आला की लिव्हर पुढे जात नाही. अशा वेळी चाकाचे ठोकळे थोडे मागे सरकवून ट्रॅक्टर हाताने वीतभर पुढे-मागे हलवावा आणि पुन्हा प्रयत्न करावा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण सुरू केल्यावर करकरतात, असे आढळले तर क्लच पूर्णपणे सुटत नाही, हे जवळजवळ निश्चित समजावे. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड लागत असेल किंवा विशिष्ट गिअरपाशी अडत असेल, तर क्लचला हात न लावता लिव्हर, रॉड आणि फोर्क यांच्याकडे वळावे.

दुसरी परीक्षा: मंद गतीवर

आता इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे आणि ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कोणी उभे नाही याची खात्री करावी. क्लच पूर्ण दाबून पाच ते सात सेकंद थांबावे आणि मग सर्वांत हळू गिअर हलक्या हाताने टाकावा. क्लच दाबल्यानंतरही आतला शाफ्ट स्वतःच्या वेगाने काही क्षण फिरत राहतो. सिंक्रोमेश (गिअर जुळण्यापूर्वी दोन्हींचा वेग सारखा करणारी रचना) नसलेल्या गिअरबॉक्समध्ये तो थांबण्यापूर्वी गिअर टाकला की आवाज होणारच, आणि तो बिघाड नव्हे. थांबल्यावर गिअर शांतपणे पडला, तर दुरुस्तीची नव्हे, सवय बदलण्याची गरज आहे. पुरेसे थांबूनही दात खाल्ल्यासारखा आवाज आला, किंवा क्लच दाबलेला असतानाच गिअर पडताक्षणी ट्रॅक्टर पुढे रांगू लागला, तर क्लच सुटत नाही.

येथे एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ (अवजाराला इंजिनची शक्ती देणारा मागचा शाफ्ट) गिअरबॉक्समार्फतच फिरतो आणि क्लच एकेरी असतो, त्यांत गवतकापणीसारखे जड पात्याचे अवजार जोडलेले असेल, तर क्लच दाबल्यावरही ते अवजार आपल्या वेगाने फिरत राहून उलट्या बाजूने गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. गिअर करकरतो, ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो आणि दोष मात्र क्लचच्या माथी मारला जातो. १९४७ साली आलेला फोर्ड ८एन किंवा त्याच काळातला फर्ग्युसन टीई-२० हे अशा मांडणीचे ट्रॅक्टर होत. अशा ट्रॅक्टरची परीक्षा पीटीओ काढून ठेवूनच करावी आणि अवजार चालवताना पीटीओवर एकाच दिशेने जोर देणारे ओव्हररन कपलिंग बसवावे. हे कपलिंग नसेल तर ब्रेक लावूनही ट्रॅक्टर कुंपणात घुसू शकतो, त्यामुळे हा केवळ गिअरचा प्रश्न उरत नाही.

क्लच सुटत नसेल तर: पेडलपासून सुरुवात

पेडलशेजारी मोजपट्टी उभी धरावी आणि पेडल हाताने हळूहळू दाबावे. सुरुवातीला ते जवळजवळ विनाजोर खाली जाते आणि मग एकदम विरोध जाणवतो. हा जो मोकळा प्रवास, त्याला फ्री प्ले म्हणतात. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो, तरी आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा. फ्री प्ले जास्त झाला की पेडल तळाला टेकले तरी क्लच पूर्ण सुटत नाही. तो कमी करण्यासाठी क्लच रॉडवरचा लॉकनट सैल करावा, टोकाची पिन काढावी, योक (रॉडच्या टोकाचा दुपायी जोड) एक-दोन फेरे फिरवून पिन परत घालावी आणि पुन्हा मोजावे. ‘आणखी थोडा घट्ट बरा’ म्हणून फ्री प्ले शून्यावर आणण्याचा मोह टाळावा, कारण मग रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) सतत फिंगरवर, म्हणजे ते ज्यांना दाबते त्या क्लचच्या बोटांवर, घासत राहते, प्लेट घसरू लागते आणि काही दिवसांतच ट्रॅक्टर फोडावा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात.

फ्री प्ले बरोबर असूनही क्लच सुटत नसेल, तर पेडलचा प्रवास वाटेत कुठे हरवतो ते शोधावे. एका माणसाला पेडल सावकाश दाबायला सांगून आपण खाली बसून पाहावे. पेडल हलल्यावर रॉड किती वेळाने हलतो, रॉड हलल्यावर बेल हाउसिंगमधून (क्लचभोवतीच्या कवचातून) बाहेर आलेला आडवा शाफ्ट लगेच वळतो का, की त्यावरचा आर्मच आधी थोडा फिरतो, हे नीट पाहावे. शाफ्टच्या टोकावर आणि आर्मवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली तर पेडल दाबताना ती रेघ मोडते की सलग राहते हे स्पष्ट दिसते. ती मोडली तर आर्म शाफ्टला जखडणारी आतली चावी किंवा पिन झिजली आहे.

मी स्वतः एकदा या साध्या तपासणीला फाटा देऊन दोन दिवस वाया घालवले. सगळे गिअर करकरत होते, म्हणून वरचे झाकण उघडले, फोर्क पाहिले, सिलेक्टर रॉड जागी धरणारे स्प्रिंगवरचे छर्रे पाहिले, सारे ठीक होते. शेवटी क्लच रॉडची पिन हातात आली तेव्हा ती मधोमध इतकी झिजली होती की तिला कंबर आल्यासारखी दिसत होती, आणि योकचे गोल भोक लांबट अंड्याच्या आकाराचे झाले होते. नवी पिन घातली, भोक भरून पुन्हा पाडून घेतले, आणि गिअर शांतपणे पडू लागला. अशा पिना, बुश आणि पेडलचा शाफ्ट यांतली प्रत्येक ठिकाणची थोडीथोडी झीज एकत्र झाली की पेडलचा पाव प्रवास त्यातच संपतो.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडलचे दोन टप्पे असतात: पहिल्या टप्प्यात चाकांची ओढ सुटते, दुसऱ्या टप्प्यात पीटीओही थांबतो. पेडल पार तळापर्यंत दाबले तरच गिअर पडत असेल, तर पहिल्या टप्प्याची जुळणी बिघडली आहे. ही जुळणी बेल हाउसिंगच्या बाजूच्या किंवा खालच्या खिडकीतून, प्रेशर प्लेटवरच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीवरच्या) बोल्टांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून करतात. सगळ्या बोल्टांची फट सारखी आली पाहिजे, नाहीतर प्लेट तिरकी सुटते.

प्लेट चिकटली असेल तर

ट्रॅक्टर अनेक महिने दमट जागी उभा राहिला आणि सुरू केल्यावर एकही गिअर पडेना, तर क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटली असण्याची शक्यता मोठी असते. प्रथम इंजिन चालवून चांगले गरम होऊ द्यावे, मग ते बंद करून पेडल पूर्ण दाबावे, लाकडाचा ठोकळा लावून त्याच स्थितीत रात्रभर ठेवावे. पुष्कळदा एवढ्यानेच प्लेट सुटते. नाही सुटली, तर तपासणीच्या खिडकीतून पातळ पट्टीने प्लेटची कड हलकेच सोडवून पाहता येते, मात्र हातोड्याने ठोकू नये, प्लेटच्या अस्तराचे तुकडे पडतात.

काही जण मोकळ्या शेतात ट्रॅक्टर गिअरमध्येच सुरू करून, क्लच दाबून, ब्रेक आणि रेस यांच्या झटक्यांनी प्लेट सोडवतात. ही युक्ती चालते हे खरे, पण क्लच सुटला नाही तर ट्रॅक्टर थांबवायचा एकमेव मार्ग म्हणजे इंजिन बंद करणे. इंजिन बंद करण्याचा दांडा नीट चालतो याची आधी खात्री नसेल, तर हा प्रयोग करू नये. माझ्या मते ठोकळ्याची पद्धत दोनतीन रात्री करून पाहणेच शहाणपणाचे आहे.

आवाजावरून बेअरिंग ओळखणे

इंजिन मंद चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. पेडलवर पाय नसताना घरघर येते आणि पेडल दाबताच ती थांबते, तर इनपुट शाफ्टचे (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टचे) बेअरिंग किंवा सतत फिरणारे आतले बेअरिंग संशयित समजावे. पेडल नुसते टेकवताच किंचाळणारा आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज येत असेल आणि त्याबरोबर गिअरही करकरत असेल, तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी असणारे पायलट बेअरिंग. ते क्लच दाबलेला असतानाच काम करते, कारण तेव्हाच फ्लायव्हील फिरते आणि शाफ्ट थांबलेला असतो. ते जाम झाले की इंजिनचा फेरा शाफ्टला थेट मिळत राहतो आणि कितीही जुळणी केली तरी क्लच सुटल्यासारखा वाटत नाही.

लिव्हर, सिलेक्टर रॉड आणि छर्रे

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर आधी लिव्हरच हलवून पाहावा. न्यूट्रलमध्ये त्याचे टोक हातभर इकडेतिकडे डुलत असेल, तर खालचा गोळा, मधली पिन किंवा वरच्या टोपीखालची स्प्रिंग झिजली आहे. झिजलेल्या लिव्हरचे टोक सिलेक्टरच्या खाचेत पुरते बसत नाही, दोन खाचांच्या मधे अडते किंवा शेजारच्या रॉडला ढकलते. ज्या ट्रॅक्टरमध्ये लिव्हर बाजूला असतो, त्यात बाहेरचे जोडरॉड आणि त्यांचे बुश आधी तपासावेत, कारण तेथे चिखल साचतो आणि वंगण पोहोचत नाही.

झाकण उघडण्यापूर्वी लिव्हरभोवतीची सारी माती डिझेलने आणि ब्रशने धुऊन काढावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण झाकण उचलताच चिमूटभर वाळू आत पडली तर ती पुढची कित्येक वर्षे बेअरिंग दळत राहते. गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, बोल्ट सैल करावेत आणि झाकण सरळ वर उचलावे. काही ट्रॅक्टरमध्ये छर्रे आणि त्यांच्या स्प्रिंगा झाकणाखालीच बसवलेल्या असतात आणि झाकण सुटताच उडतात. म्हणून वर जाड कापड धरावे आणि निघालेला प्रत्येक छर्रा व स्प्रिंग ज्या भोकातून निघाली त्या क्रमाने फळीवर मांडून ठेवावी. उघड्या गिअरबॉक्सवर लगेच स्वच्छ कापड झाकावे.

आता प्रत्येक रॉड हाताने पुढे-मागे सरकवून पाहावा. तो सुळकन सरकला पाहिजे आणि प्रत्येक खाचेपाशी ‘टक्’ असा स्पष्ट थांबा जाणवला पाहिजे. रॉड जड चालत असेल तर गंज किंवा वाक शोधावा. थांबाच जाणवत नसेल तर स्प्रिंग मेली आहे किंवा खाचेच्या कडा गोलावल्या आहेत. सगळ्या स्प्रिंगा शेजारी उभ्या करून त्यांची लांबी ताडून पाहिली की आखूड झालेली लगेच दिसते. ती ओढून लांब करणे किंवा खाली वॉशर घालणे हे उपाय कारखान्याबाहेर सर्रास केले जातात, पण त्यांनी दोष चार दिवस लपतो आणि गिअर टाकायला जड होतो. स्प्रिंग स्वस्त असते, ती नवीच घालावी.

फोर्क रॉडवर घट्ट बसवणारा बोल्ट आणि त्याची लॉक वायर पाहावी. बोल्ट सैल असेल तर लिव्हर पूर्ण फिरतो, पण फोर्क अर्धाच सरकतो. फोर्कच्या पायांच्या कडा पातळ, धारदार आणि निळसर झाल्या असतील, तर तो जास्त घर्षणाने तापला आहे. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चालवताना गिअरच्या लिव्हरवर हात टेकून बसणे. त्या हाताचे वजन दिवसभर फोर्कला फिरत्या खाचेच्या भिंतीवर दाबत राहते.

गिअर निसटत असेल तर

कोणत्या गिअरमध्ये आणि कोणत्या स्थितीत तो निसटतो, ओढीवर की उतारावर इंजिन ट्रॅक्टरला रोखत असताना, हे लिहून ठेवावे. दातांच्या ज्या बाजूवर त्या वेळी जोर येतो, तीच बाजू झिजलेली असते. निसटण्यापूर्वी लिव्हर तालात पुढे-मागे थरथरत असेल, तर शाफ्ट लांबीच्या दिशेने हलतो आहे, म्हणजे बेअरिंगमध्ये ढिलाई आली आहे. थरथर नसताना एकदम ‘खट्’ करून गिअर सुटत असेल, तर छर्रा, स्प्रिंग किंवा गोलावलेले दात पाहावेत. फोर्क वाकलेला असेल तर गिअर पुरता आत जात नाही आणि दातांची फक्त टोके पकडतात. नवा गिअर घातला तरी वाकडा फोर्क त्यालाही तसाच खाऊन टाकतो.

याआधी एक क्षुल्लक गोष्ट तपासून घ्यावी: लिव्हर शेवटच्या बिंदूला पोहोचताना पत्र्याच्या खाचेला, रबरी टोपीला किंवा नंतर बसवलेल्या सीटला अडतो का. तेवढ्यानेही गिअर अर्धवट पडतो.

दोन गिअर एकदम पडले तर

ट्रॅक्टर ना पुढे जातो ना मागे, लिव्हर मात्र न्यूट्रलसारखा सैल हलतो. झिजलेल्या लिव्हरचे टोक खाचेतून निसटल्यावर किंवा दोन रॉड एकदम सरकू न देणारी इंटरलॉक पिन झिजल्यावर असे होते. इंजिन लगेच बंद करावे आणि स्टार्टर मारू नये. फर्ग्युसन टीई-२० मध्ये गिअर लिव्हरनेच स्टार्टर लागतो आणि मॅसी फर्ग्युसन १३५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये हाय-लो लिव्हर मधल्या ‘एस’ जागी असावा लागतो, तरी ही सुरक्षा व्यवस्था जुन्या यंत्रात जागेवर असेलच असे धरून चालू नये. झाकण उघडून रॉडच्या खाचा पाहाव्यात. सगळ्या रॉडच्या खाचा एका ओळीत असतील तर सगळे न्यूट्रलमध्ये आहेत. जी ओळीबाहेर असेल ती जाड पेचकसाने हळूच ओळीत आणावी आणि ज्या कारणाने ती निसटली ते दुरुस्त केल्याशिवाय झाकण लावू नये.

ऑइल

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पातळी पाहावी. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी आहे, आणि ते बहुतेकदा फाटलेल्या रबरी टोपीतून लिव्हरमार्फत शिरते. थंडीत सकाळी गिअर जड आणि तासाभराने हलके पडत असतील, तर ऑइल गरजेपेक्षा घट्ट आहे. एसएई ८०डब्ल्यू-९० हा घट्टपणाचा दर्जा अनेक जुन्या गिअरबॉक्ससाठी दिलेला असतो, पण ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि तेलातले ब्रेक एकाच ऑइलवर चालतात, तेथे साधे गिअर ऑइल घालणे चूक ठरते. पितळी वा काशाचे बुश असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेने जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितले असेल तर ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-५ घालू नये; त्यातील काही रसायने अशा धातूंना खातात.

ऑइल इंजिन चालवून गरम झाल्यावर काढावे. चुंबकी प्लगवर चिकटलेला राखाडी लेप नेहमीचा असतो. नखाएवढा तुकडा, दाताचा कोपरा किंवा बेअरिंगची सुई सापडली, तर वरवरच्या दुरुस्तीने भागणार नाही.

ट्रॅक्टर फोडण्यापूर्वी

बेल हाउसिंगच्या तळाशी एक लहान भोक असते, त्यात बहुधा स्प्लिट पिन लटकत असते. तेथून टपकणारे ऑइल काळे आणि पातळ असेल तर ते इंजिनच्या मागच्या सीलचे. मधासारखे, घट्ट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचे. फोडल्यावर कोणती सील बदलायची हे यावरून आधीच ठरते.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करणे हे एकट्याचे काम नव्हे. बॅटरी सोडावी, स्टिअरिंगचा रॉड, वायरी आणि नळ्या मोकळ्या कराव्यात, पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकावी म्हणजे सुटलेले इंजिन कलंडत नाही, आणि दोन्ही भागांखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. नवी प्लेट शाफ्टच्या खाचांवर हाताने सुळकन सरकते का, हे बसवण्यापूर्वी पाहावे. गंजलेल्या खाचांवर अडकणारी नवी प्लेटही सुटत नाही. फिंगरची उंची सगळीकडे सारखी ठेवावी आणि रिलीज व पायलट ही दोन्ही बेअरिंगे त्याच वेळी बदलावीत. जोडताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकू देऊ नये, ती वाकते आणि मग गिअर पहिल्या दिवसापासूनच करकरतो.

नवी प्लेट बसली की ती सुरुवातीच्या काही तासांत थोडी झिजून जागा धरते. म्हणून साधारण दहा तास काम झाल्यावर फ्री प्ले पुन्हा मोजावा आणि बेल हाउसिंगचे बोल्ट एकदा पान्याने तपासून घ्यावेत.